भूमिका बदलणारा माणूस

दिवाळी आणि निवडणूक ही दोन पर्वे लागोपाठ आली म्हणजे आमच्या बोईसर-पालघरच्या रस्त्यांना काही वेगळीच शोभा येते. २०२४ च्या नोव्हेंबरात ती तशी आली होती. महिन्याच्या प्रारंभी दिवाळी आणि २० तारखेला विधानसभेचे मतदान. एकाच गल्लीत डावीकडे आकाशकंदील आणि उजवीकडे हात जोडून हसणारे उमेदवार! कंदील बहुधा गेल्या वर्षीचाच असतो. सांगाडा तोच, कागद तेवढा नवा. उमेदवारांतही पुष्कळांचे तसेच असते.

या गमतीवर हसावे हे खरे. पण तिच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि घरातली चार माणसे फराळाला एकत्र बसली असताना बोलावा, अशा योग्यतेचा तो आहे. माणसाने एकदा घेतलेली भूमिका बदलावी की नाही? बदलली तर त्याला शहाणा म्हणावे की दगाबाज?

मी शाळेत मराठी शिकवतो. स्नेहसंमेलनाच्या दिवसांत सातवीतल्या एका मुलाने मला विचारले होते, ‘‘गुरुजी, नाटकात मला भूमिका मिळाली आहे, आणि बाबा म्हणतात की साहेबांनी भूमिका बदलली. मग साहेबसुद्धा नाटकात आहेत का?’’ वर्ग हसला. मुलाने मात्र विनोद केला नव्हता. त्याला शब्दाचा अर्थ हवा होता. मी त्याला सांगितले, की ‘भूमिका’ हा शब्द ‘भूमी’वरून आला. जिच्यावर उभे राहायचे ती भूमी. नटाने रंगभूमीवर घेतलेल्या सोंगालाही भूमिका म्हणतात, आणि विचारी माणसाने पाय रोवून जे म्हणावयाचे ठरवले, त्यालाही भूमिकाच म्हणतात. एकाच शब्दात सोंग आणि निर्धार हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदतात. कोणत्या वेळी कोणता लागू करावा, हे आपले आपण ओळखावयाचे असते.

आमच्या भागात तरी या शब्दातली भूमी अद्याप पुसली गेलेली नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. १९४५ साली झरी येथील परिषदेनंतर या पट्ट्यातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, आणि गोदावरी व शामराव परुळेकर हे दांपत्य त्यांच्यात जाऊन राहिले. या माणसांची भूमिका काय होती, हे कोणाला विचारावे लागले नाही. ती कोठे उभी आहेत, हे दिसतच होते.

पुढे भूमी तीच राहिली, प्रश्न मात्र बदलले. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. शेजारी कारखान्यांची वसाहत वाढली. अणुवीज केंद्राचा विस्तार झाला, त्यात पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली आणि पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. सूर्या नदीवर धरण झाले, बुलेट ट्रेनची आखणी झाली, बंदराची झाली. प्रत्येक वेळी गावकऱ्यांनी पुढाऱ्यांना एकच विचारले, ‘‘तुमची भूमिका काय?’’

आता एक जाहीर इतिहास सांगतो. त्यात कोणाला खिजवण्याचा हेतू नाही. जानेवारी २०१८ मध्ये पालघरचे खासदार चिंतामण वनगा निवर्तले. ते भारतीय जनता पक्षाचे. पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र श्रीनिवास वनगा शिवसेनेकडून उभे राहिले. भारतीय जनता पक्षाने काँग्रेसचे माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना आपल्याकडे घेऊन उमेदवारी दिली. हे दोन्ही पक्ष तेव्हा राज्यात एकत्र सत्तेवर होते, हे विशेष. गावित २९,५७२ मतांनी निवडून आले. वर्षाने युती झाली, जागा शिवसेनेकडे गेली, आणि तेच गावित शिवसेनेचे उमेदवार म्हणून पुन्हा खासदार झाले. वनगा त्याच वर्षी शिवसेनेचे आमदार झाले. २०२२ साली शिवसेना दुभंगली, तेव्हा दोघेही श्री. शिंदे यांच्या बाजूला गेले. २०२४ साली गावित यांना लोकसभेची उमेदवारी मिळाली नाही. ते काही महिने भारतीय जनता पक्षात राहून पुन्हा शिंदे यांच्या शिवसेनेत आले आणि पालघरचे आमदार झाले. त्या वेळी वनगांना मात्र उमेदवारी नव्हती.

यात बेकायदेशीर असे काही नाही. मतदारांनी पुन्हा-पुन्हा निवडून दिले, म्हणजे त्यांनाही ते मान्य असावे. माझ्यासमोरचा प्रश्न निराळा आहे. माणूस एका घरातून दुसऱ्या घरात गेला, तर त्याचे सामान त्याच्याबरोबर जाते. प्रतिनिधी पक्ष बदलतो तेव्हा गावच्या प्रश्नांवर त्याने दिलेला शब्द कोणत्या गाडीत चढतो? बरोबर येतो, की जुन्या घराच्या ओटीवर राहतो? १९८५ चा पक्षांतरबंदीचा कायदा पक्ष सोडणाऱ्याला पकडू पाहतो. शब्द सोडणाऱ्याला पकडणारा कायदा नाही. उलट, पक्षाचा आदेश निघाला तर शब्द मोडूनही मत द्यावे, अशीच त्या कायद्याची तऱ्हा आहे.

वाढवण बंदराचेच पाहा. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली डहाणूसाठी एक प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. एका विलायती कंपनीची बंदराची योजना तेव्हा पुढे आली होती. १९९८ साली प्राधिकरणाने ती नाकारली. पुढे योजना नव्या रूपाने आली. धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत निवर्तले. २०२३ च्या जुलैत त्याच प्राधिकरणाने, नव्या सदस्यांसह, अटी घालून बंदराला परवानगी दिली. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या कामाला मान्यता दिली, आणि ३० ऑगस्टला पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

समर्थक म्हणतात, किनाऱ्यापासून जवळच येथे मोठ्या जहाजांना लागणारी नैसर्गिक खोली आहे, देशाचा व्यापार वाढेल, लाखो हातांना काम मिळेल. विरोधक म्हणतात, समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव पडला की मच्छीमारांची जागा गेली. वरोर-चिंचणी बाजूची दागिन्यांच्या साच्यांची घरगुती कारागिरी, बागायत, सारेच हलेल. दोन्ही बाजूंना वजन आहे. आपल्या घरातले दिवे ज्या विजेवर लागतात, तिच्यासाठीही कोणाचे तरी गाव उठलेले असते. तेव्हा ‘देशहित’ हा शब्द थट्टेवारी नेण्याचा नाही. आणि ज्याची होडी किनाऱ्याला कायमची लागणार, त्याला देशहिताचे व्याख्यान ऐकवून त्याची चूल पेटत नाही, हेही तितकेच खरे.

या हकिकतीत मला एका गोष्टीचे महत्त्व वाटते. प्राधिकरणाने १९९८ साली ‘नाही’ म्हटले, २०२३ साली ‘होय’ म्हटले. भूमिका बदलली. हा बदल पुष्कळांना मुळीच पटला नाही. पण तो लेखी आदेश होता. त्यात कारणे होती. ती कारणे वाचता येत होती, खोडता येत होती. लोक ती घेऊन उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२४ मध्ये त्या याचिका फेटाळल्या गेल्या हे खरे. तरी वाद कशाशी घालावयाचा, हे तरी लोकांना ठाऊक होते. राजकीय पक्षाचा आणि पुढाऱ्याचा असा लेखी आदेश कोठे मिळतो? आज विरोधाच्या सभेत पुढच्या रांगेत असलेला माणूस उद्या समर्थनाच्या मंचावर दिसला, तर मधल्या रात्री त्याला काय साक्षात्कार झाला, हे कळावयास मार्ग नाही.

बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन येणारी एक मावशी मला म्हणाली, ‘‘गुरुजी, येतो तो आमच्याच बाजूचा असतो. मग बाजू बदलते, तेव्हा सांगायला का येत नाही?’’ माझ्या मते सगळा नीतिप्रश्न या दोन वाक्यांत आला.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला हे थोडे अधिक जाणवत असेल. कादंबरीतल्या माणसाने मत बदललेले वाचकाला चालते; किंबहुना कोणीच बदलणार नसेल, तर कादंबरी लिहावी कशाला? पण आठव्या प्रकरणात एक बोलणारा माणूस दहाव्या प्रकरणात दुसरेच बोलू लागला, तर नववे प्रकरण लिहावेच लागते. तेच गाळले तर वाचक पुस्तक मिटतो, आणि ते योग्यच आहे. आमच्या राजकारणात आठवी आणि दहावी प्रकरणे भरपूर आहेत. नववे कोणी लिहीत नाही.

मोठ्या माणसांनी ते लिहिले आहे. गांधीजींनी १९२२ साली चौरीचौऱ्यानंतर चालू चळवळ मागे घेतली. सहकारी चिडले, हळहळले. गांधीजींनी कारण उघड सांगितले आणि स्वतः पाच दिवस उपवास केला. इंग्लंडात एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर बजावले, की मी तुमच्या हुकमाचा ताबेदार नाही, माझी विवेकबुद्धी वापरणार. आणि तशी ती वापरल्यावर १७८० साली ती जागा गमावण्याची पाळी त्याने पत्करली. आपल्याकडे चिंतामणराव देशमुख हे कुलाब्याचे खासदार, देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचे धोरण त्यांना मान्य झाले नाही, तेव्हा १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले आणि का सोडले, ते संसदेत उभे राहून सांगितले. पहिल्याने चळवळ थांबवली, दुसऱ्याने मतदारांना नकार दिला, तिसऱ्याने सरकारला. तिघांची कृती भिन्न. पण ज्यांना जाब द्यावयाचा, त्यांच्यापुढे तिघेही उभे राहिले, आणि त्याची किंमत तिघांनीही आपल्या पदरची मोजली. ज्या बदलाची किंमत बदलणाऱ्याला पडत नाही आणि दुसऱ्यालाच पडते, तो बदल सोंगाच्या अर्थाची भूमिका समजावा.

कोणी म्हणेल, गुरुजी, पक्षाला सर्वांनाच सांभाळावे लागते. हेही मान्य. सूर्या प्रकल्प शेतीसाठी झाला. त्याचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला नेण्याची योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची. डहाणू-पालघरचा शेतकरी म्हणतो, आमच्या कालव्याचे काय? विरारच्या चाळीतली गृहिणी म्हणते, माझ्या हंड्याचे काय? दोघेही खरेच बोलतात. दोन्हीकडे शाखा असलेल्या पक्षाने काय बोलावे? दोघांना दोन निरनिराळी उत्तरे देणे सर्वांत सोपे. पण जे उत्तर कालव्यावर द्यावयाचे, तेच नळावर देता आले पाहिजे. ‘‘इतके पाणी शहराला जाईल, इतके शेताला राहील, आणि यात अमक्याचे नुकसान आहे’’, असे दोन्हीकडे सारखे सांगणारा पक्ष थोडी मते गमावील. पण त्याला भूमिका आहे, एवढे तरी म्हणता येईल.

आणि मतदारांचे काय? त्यांचे बोलणे तरी कोठे स्पष्ट ऐकू येते? २०२४ साली पालघर लोकसभेला बंदराचा पाठपुरावा करणाऱ्या पक्षाचे डॉ. हेमंत सवरा मोठ्या मताधिक्याने निवडून आले. नोव्हेंबरात डहाणू विधानसभेला बंदराच्या विरोधातल्या मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. लगतच्या पालघरने सत्ताधारी बाजूला कौल दिला. मग लोकांना बंदर हवे की नको? या आकड्यांवरून ते सांगता यावयाचे नाही. एक मत म्हणजे एक शिक्का. त्यात रस्ता असतो, जात असते, धान्य असते, माणसाचा स्वभाव असतो, आणि कोठे तरी तळाशी बंदरही असते. म्हणून ‘‘लोकांनी मला निवडून दिले, अर्थात माझा बदल त्यांना मान्य आहे’’ हा युक्तिवाद लंगडा आहे.

सुदैवाने आमच्याकडे आणखी एक जागा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला विचारण्याचा मान दिला. बुलेट ट्रेनच्या वेळी कित्येक ग्रामसभांनी आपले ठराव केले. या ठरावांना सरकार किती मोजते, हा स्वतंत्र विषय आहे. पण ग्रामसभेत प्रश्न एकच असतो, माणसे समोरासमोर असतात, आणि म्हटलेले वहीत राहते. गावाचे मत फिरले, तर त्याच वहीत, त्याच लोकांदेखत, दुसरा ठराव लिहावा लागतो. मला वाटते, पुढाऱ्यांनी ही रीत गावाकडून शिकावी.

तेव्हा दाराशी जो कोणी येईल, त्याला बाजू कोणती, हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पूर्वी तुम्ही आम्हांला काय सांगितले होते? आज काय सांगता? आणि मधे काय घडले? तिसऱ्याचे उत्तर जो सरळ देईल, त्याचे मत आपल्याला न पटणारे असले, तरी त्याला बसावयास पाट द्यावा आणि चकली-करंजी पुढे ठेवावी. जो तिसरा प्रश्न टाळील, त्यालाही फराळ द्यावाच, सणाचा दिवस आहे. मत मात्र आपल्यापाशी ठेवून घ्यावे.