जिवंत झरा आणि कोरडे टाके

शास्त्रपाठ : उत्पत्ती २६:१५-२२, यिर्मया २:१३, योहान ४:५-३०



आपल्या प्रभूने स्वर्गाच्या राज्याविषयी शिकवताना घरातल्या वस्तू हाती घेतल्या. खमीर, मीठ, दिवा, हरवलेले नाणे. शोमरोनी स्त्रीशी त्याचे संभाषण सुरू झाले तेही पिण्याच्या पाण्यावरून. तेव्हा दैनंदिन अनुभवांत विश्वासाचे धडे शोधणे हे त्याच्याच रीतीला धरून आहे. मात्र येथे सावध असावे. शिलोहाच्या बुरुजाखाली माणसे चिरडून मेली, ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे विचारून प्रभूने लोकांना त्यांच्याच अंतःकरणाकडे वळवले (लूक १३:४-५). दुसऱ्यावरील आपत्तीचा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. त्या प्रसंगी देव मला काय विचारतो, एवढेच ऐकायचे आहे.

या दृष्टीने बंगळूर शहराचा अलीकडचा अनुभव आपण पाहू. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या या शहराजवळ मोठी नदी नाही. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, पंपांच्या साहाय्याने उंच चढवून येथे आणले जाते. जेथे ते पोहोचत नाही तेथे कूपनलिकांचा आधार. २०२३ मध्ये पावसाने दगा दिला आणि २०२४ च्या मार्चमध्ये शहरातील सुमारे १३,९०० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे शासनाने सांगितले. लोक घागरी घेऊन रांगेत उभे राहिले, उंच इमारती टँकरची वाट पाहू लागल्या. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला.

आश्चर्य असे की, त्याआधी दीडच वर्ष, सप्टेंबर २०२२ मध्ये, याच शहरात रस्त्यांवरून ट्रॅक्टर व होड्यांतून माणसे हलवावी लागली होती. जे शहर पाण्यात बुडाले तेच तहानेने व्याकूळ झाले! याचे एक मोठे कारण जमिनीवरच आहे. जुन्या काळच्या लोकांनी येथे तलावांच्या माळा बांधल्या होत्या. वरचा तलाव भरला की त्याचे जास्तीचे पाणी कालव्याने खालच्या तलावात जाई. या कालव्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. पुढे कित्येक तलाव बुजले, कालव्यांवर बांधकामे झाली, मोकळी जमीन काँक्रीटखाली गेली. आता पाऊस पडतो, पण पाण्याला पुढे जायला वाट नाही आणि खाली मुरायला माती नाही.

बंधुभगिनींनो, हे चित्र आपल्या आत्मिक जीवनाचेही नाही काय?

पहिली गोष्ट, साठा म्हणजे झरा नव्हे. यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांवर दोन आरोप ठेवतो. त्यांनी जिवंत पाण्याच्या झऱ्याला, म्हणजे परमेश्वराला, सोडले. आणि स्वतःसाठी पाणी न धरणारी फुटकी टाकी खोदली. त्या देशात चुनखडीच्या खडकात टाकी कोरून त्यांना आतून गिलावा करीत. गिलाव्याला तडा गेला की साठवलेले पाणी गुपचूप झिरपून जाई. आपल्या गडकिल्ल्यांवरील टाकी पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. मूळ इब्री भाषेत ‘जिवंत पाणी’ हा रोजच्या व्यवहारातला शब्दप्रयोग आहे. त्याचा साधा अर्थ झऱ्याचे, वाहते पाणी. आपला शेतकरीही म्हणतोच, “विहिरीला जिवंत झरा लागला.” हा शब्द भाषांतरकाराला शोधावा लागत नाही, तो शेताच्या बांधावर तयारच असतो.

आता आपल्या टाक्यांकडे पाहू. “आमचे पणजोबा आमच्या गावातले पहिले ख्रिस्ती.” “माझे दृढीकरण अमक्या मंडळीत झाले.” हा साठा मोलाचा आहे, पण त्यावर आज किती दिवस जगणार? इसहाकाला अब्राहामाचा वारसा मिळाला होता. तरी वडिलांच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. वडिलांचे नाव सांगून त्याची गुरे पाणी पिणार नव्हती. त्याने त्या विहिरी पुन्हा उकरल्या, आणि गराराच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांना जिवंत झरा लागला. पूर्वजांच्या विश्वासाचा खरा मान राखायचा तर ती माती आपल्यालाच उपसावी लागते.

दुसरी गोष्ट, मुरल्याशिवाय उपसा टिकत नाही. काही माणसांना रोज दुसऱ्यांसाठी पाणी काढावे लागते. पाळक, संडे स्कूलची शिक्षिका, रुग्णालयातली परिचारिका, अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून. कूपनलिका एका दिवसात आटत नाही. खालची पातळी वर्षानुवर्षे उतरत असते, आणि वर नळ चालू असल्यामुळे कोणाला कळत नाही. आपण उपदेश ऐकतो, संमेलनांना जातो, गीते गातो. वचनाचा पाऊस काही थोडा पडत नाही. पण ते धो धो पडून वाहून जाते, कारण थांबायला मऊ, मोकळी माती उरलेली नाही. दिवसातून पंधरा मिनिटे निमूटपणे एका वचनापाशी बसणे हा काही मोठा पराक्रम नव्हे. परंतु थेंब मुरतो तो अशाच ठिकाणी.

तिसरी गोष्ट, वाट अडवली की आशीर्वादही संकट होतो. कालवा बंद झाला तेव्हा खालचा तलाव कोरडा राहिला आणि वरची वस्ती बुडाली. योहानाच्या चौथ्या अध्यायात मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. ती स्त्री खोदलेल्या विहिरीविषयी बोलते. प्रभू जे देऊ करतो तो मात्र माणसाच्या आत उसळणारा झरा आहे. तो तिला मिळाला तेव्हा तिने काय केले? घागर तेथेच ठेवली आणि ती गावात धावली. जिला लोकांनी बाजूला टाकले असावे, तीच त्या गावाचा कालवा झाली.

म्हणून एक प्रश्न आपण आपल्या घरात विचारू या. टंचाईच्या दिवसांत आपली भांडी घासायला जी बाई येते, तिच्या हातांतून आपले पाणी वाहते. तिच्या वस्तीत आज पाणी आले काय? आपल्या सोसायटीच्या सभेत टँकरचा हिशेब मांडताना पहारेकऱ्याच्या पिण्याच्या पाण्याचा उल्लेख होतो काय? प्रभूने प्यालाभर गार पाण्याचीही नोंद ठेवण्याचे अभिवचन दिले आहे (मत्तय १०:४२). जो उपासनेत जिवंत पाण्याची गीते गातो आणि दारातल्या तहानलेल्याला विसरतो, त्याने आपल्या कालव्यावर भिंत बांधली आहे.

विहिरीवरून दोनदा भांडण झाले, तरी इसहाक पुढे जाऊन खोदत राहिला. तिसऱ्या विहिरीवर भांडण झाले नाही. तिला त्याने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे नाव दिले. आपल्या घरांत व मंडळ्यांतही अशी जागा होवो.

प्रार्थना : हे देवबापा, आमच्या टाक्यांचे तडे तुला ठाऊक आहेत. आमच्या विहिरींतली माती उपसण्यास आम्हांला बळ दे. तुझे वचन आमच्यात मुरू दे, आणि जे तू दिले आहेस ते आमच्यापाशी अडून न राहता शेजाऱ्यापर्यंत पोहोचू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.