पाचवा हिस्सा

कुणाला चांगले पुस्तक सुचवणे म्हणजे नेकीचे काम, असे मी बी.एड.च्या दिवसांपासून धरून चालले होते. मागच्या उन्हाळ्यात हा भरवसा जरा हलला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची शादी ठरली होती. मुलगी बी.ए. झालेली, हुशार. तिचे अब्बा शाळेत आले आणि म्हणाले, "आपा, घर कसे चालवावे, सेहत कशी राखावी, पैसा कसा सांभाळावा, अशा कामाच्या चार किताबां लिहून द्या. जहेजात ठेवतो." मी कागद पुढे ओढला, पहिल्या ओळीवर 'बहिश्ती जेवर' लिहिले आणि हात तिथेच थांबला.

ही किताब आपल्या घरांना नवी नाही. मौलाना अशरफ अली थानवींनी ती विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली, खास मुलींसाठी. तिचे दहा हिस्से आहेत. अलिफ-बे आणि खत कसे लिहावे इथपासून ती सुरू होते. नमाज-रोजाचे मसले, निकाह, मेहर, आजारांवरचे नुस्खे, साबण आणि शाई बनवण्याची रीत, सगळे त्यात आहे. मर्दांसाठी 'बहिश्ती गौहर' हा अकरावा हिस्सा नंतर जोडला गेला. तो मात्र कुणा नवऱ्या मुलाला निकाहात दिलेला मी आजवर पाहिला नाही.

माझ्या अम्मीची प्रत माझ्याकडे आहे. नवव्या हिस्स्याची, म्हणजे आजार आणि इलाज यांची पाने हळदीच्या बोटांनी पिवळी पडली आहेत, कोपरे झिजले आहेत. पाचवा हिस्सा मात्र कोरा करकरीत. हा हिस्सा खरेदी-विक्रीचा, कर्जाचा, गहाणाचा, अमानतीचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मौलानांना वाटले की बाईला व्यवहाराचे मसले ठाऊक असावेत. आणि ज्यांनी ही किताब मोठ्या अदबीने लेकींच्या पेटीत ठेवली, त्यांना ते वाटले नाही. अम्मीचा मेहर ५०१ रुपये होता. तो तिने पहिल्याच रात्री माफ केला, कारण माफ करायचा असतो असे तिला सांगितले गेले होते. कुणी सांगितले ते तिला आठवत नाही. किताबीने तरी नाही.

नवव्या हिस्स्याची पाने का झिजली, तेही सांगायला हवे. चाळिशीनंतर अम्मीचा दर महिन्याचा रक्तस्राव फार वाढला. ती काढे करून प्यायची. पायऱ्या चढताना धाप लागायची, तरी म्हणायची, "किताब में लिखा है, बेटा." एके दिवशी चुलीपाशीच बसली ती उठेना. दवाखान्यात हिमोग्लोबिन ६ निघाले. रक्ताच्या पिशव्या चढल्या. अल्लाहच्या करमाने ती वाचली.

तेव्हा मला किताबीचा राग आला होता. आज वाटते, दोष तिचा नव्हता. तो त्या काळचा यूनानी इलाज होता आणि त्या काळी तोच हाताशी होता. चूक आपली झाली. एकाच जिल्दीत दीनचे मसले आणि हकिमाचे नुस्खे बांधलेले पाहून आपण दोन्हींना सारखाच मान दिला. नमाजाची रीत बदलत नाही, इलाज बदलतो. आणि अम्मी डॉक्टरकडे का गेली नाही? तिच्या हातात स्वतःचे शंभर रुपये नव्हते आणि दुपारची एक तास फुरसत नव्हती. घर, सेहत, पैसा, फुरसत ही कपाटातली चार वेगळी खणे आहेत असे आपण समजतो. अम्मीच्या अंगातून जे रक्त गेले ते या चारही खणांतून गेले.

मग सुचवणाऱ्याची जबाबदारी किती? पुस्तक देऊन तो मोकळा होतो का? याच किताबीच्या दहाव्या हिस्स्यात बायकांनी काय वाचावे आणि काय वाचू नये याचीही यादी आहे. न वाचण्याच्या यादीत डिप्टी नजीर अहमद यांची १८६९ ची 'मिरात-उल-उरूस' आहे. घर शहाणपणाने कसे चालवावे हेच शिकवणारी ती कादंबरी! तिच्यात चांगले आहे हे मौलाना कबूल करतात, पण काही जागी दीन कमजोर होतो म्हणून ती नको म्हणतात. त्यांचा हेतू साफ होता, याबद्दल मला शंका नाही. पण "हे वाच" म्हणणारा आपले काही देतो आणि "ते वाचू नको" म्हणणारा वाचणाऱ्याची अक्कल स्वतःकडे ठेवून घेतो, हा फरक लहान नाही. वर्गात मीही तो रोज विसरते. कादंबरी वाचणाऱ्या मुलीच्या हातून पुस्तक काढून घेताना मला कधी वाईट वाटले नव्हते.

फुरसतीबद्दल तर आपण बोलतच नाही. सेहत आणि फरागत या दोन नेमतींबाबत बहुतेक माणसे तोट्यात राहतात, या अर्थाची हदीस बुखारीत आहे. ती मी शाळेच्या फळ्यावर कितीदा लिहिली असेल! पण फरागत मर्दाची असते आणि तिला नुक्कड म्हणतात. बाईची फरागत म्हणजे आळस.

शेवटी मी यादी केली. 'बहिश्ती जेवर' राहू दिली. शेजारी लिहिले, चौथा आणि पाचवा हिस्सा आधी, दोघांनी मिळून. नवव्यातले नुस्खे जुन्या काळची आठवण म्हणून, आजारात डॉक्टर. मग कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा', कारण मुलीला खरेच स्वयंपाकाची आवड आहे. पैशासाठी लिहिले, तिच्या एकटीच्या नावाचे बँकेचे पासबुक. तेही पुस्तकच. नंतर डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. आणि सगळ्यात खाली दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र'.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे हृदयरोगाचे तिच्यासाठी?"

"नाही भाईसाहब, ते तुमच्यासाठी. जिना चढून आलात तेव्हा किती दमला होतात."

ते हसले. मग 'ऋतुचक्र'वर बोट ठेवून त्यांनी विचारले, "यात काय शिकवले आहे?"

"बारा महिन्यांतली झाडे, फुले, पाखरे."

"त्याचा तिला उपयोग काय?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्या ओळीवर त्यांनी काट मारली की नाही, ते मुलगी माहेरी आली की विचारणार आहे.