पाऊस एक, दोष कोणाचा?

शाळेच्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा नाणी आणि फासे यांनी सुरू होतो. त्यामुळे हे गणित जुगाऱ्यांच्याच कामाचे, अशी पुष्कळांची समजूत होते. त्याचा उगम जुगाराच्या प्रश्नातूनच झाला, हेही खरे. १६५४ साली ब्लेझ पास्कल आणि पिएर द फेर्मा या दोघांनी डाव अर्ध्यावर मोडल्यास पणाला लावलेली रक्कम कशी वाटावी याविषयी पत्रव्यवहार केला. पण वाटणी न्याय्य कशी व्हावी, असाच तो प्रश्न होता. या गणिताशी न्यायाचे नाते असे आरंभापासूनचे आहे. ते नाते आज आम्ही यवतमाळ जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात शोधून पाहणार आहोत.

तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला झरी जामणी हा कापूस पिकवणारा तालुका. कोलाम आदिवासींचे पोड आणि इतर शेतकऱ्यांची गावे येथे शेजारी शेजारी नांदतात. बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर चालते. सरकी टोबताना एका ठिकाणी दोन बिया टाकण्याची रीत जुनी आहे. समजा, चारांपैकी तीन बिया उगवतात. तर एक बी वाया जाण्याची संभाव्यता १/४ आणि दोन्ही वाया जाण्याची १/४ × १/४ म्हणजे १/१६. हा गुणाकार योग्य आहे. पण एका अटीवर. एका बीचे जे झाले त्याचा दुसरीवर काही परिणाम नसावा, आणि दोघींना एकदम मारणारे तिसरे कारणही नसावे. अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. पेरणीनंतर पाऊस दडी मारून बसला, तर मात्र दोन्ही बिया एकत्रच करपतात आणि १/१६ हा आकडा कागदावर राहतो.

परावलंबी घटनांचा हिशेब निराळा. सुपात दहा बिया आहेत आणि त्यांत दोन किडक्या आहेत. पहिली उचललेली किडकी निघण्याची संभाव्यता २/१०. ती बाजूला ठेवून दुसरी उचलली, तर उरलेल्या नऊंत किडकी एकच; म्हणून २/१० × १/९ = १/४५. पहिली पुन्हा सुपात टाकून उचलली असती, तर उत्तर १/२५ आले असते. आधी काय घडले हे जाणून पुढची संभाव्यता मांडायची, एवढाच नियम.

हा नियम मोडला तर माणसाचे काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. सॅली क्लार्क या मातेची दोन तान्ही मुले १९९६ आणि १९९८ साली दगावली. तिच्यावर खुनाचा खटला झाला. अशा कुटुंबात एक बालक अकस्मात दगावण्याची संभाव्यता ८,५४३ त एक, म्हणून दोन दगावण्याची सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक, असे एका नामवंत वैद्याने साक्षीत सांगितले. त्याने आकड्याला त्याच आकड्याने गुणले होते. परंतु दोन्ही बाळे एकाच आईबापांची, एकाच घरातील. त्यांचे मृत्यू परस्परांपासून स्वतंत्र मानण्यास आधार नव्हता. १९९९ साली तिला जन्मठेप झाली. तो गुणाकार निराधार असल्याचे इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली जाहीर केले. दडून राहिलेला वैद्यकीय पुरावा उजेडात आल्यावर २००३ साली शिक्षा रद्द झाली. २००७ साली ती वारली.

आपण न्यायाधीश नसलो तरी असे निकाल रोज देतो. ‘एकदा बुडाला, समजू शकतो, पण लागोपाठ तीनदा? त्याचेच काही चुकत असणार.’ या वाक्यात तोच गुणाकार दडलेला आहे. समजा, वाईट वर्षाची संभाव्यता १/५ आहे. वर्षे स्वतंत्र असती, तर लागोपाठ तीन वाईट वर्षांची संभाव्यता १/१२५ आली असती. परंतु नाण्याला आठवण नसते, कर्जाला असते. पीककर्ज थकले की नवे मिळणे कठीण होते. मग बियाणे उधारीवर किंवा सावकाराच्या पैशाने घ्यावे लागते आणि कापूस घरात येताच मिळेल त्या भावाने विकावा लागतो. एका बुडीत वर्षानंतर दुसऱ्याची संभाव्यता १/५ ऐवजी २/५ झाली असे धरले, तर तीन वर्षांचे उत्तर ४/१२५ येते, म्हणजे चौपट. शेतकऱ्याच्या हातून कधीच चूक होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. पण तीन आपत्ती म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. पुष्कळदा एकच साक्षीदार तीनदा बोलत असतो.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते काय, हा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच उपस्थित केला आणि त्याचे उत्तर ठामपणे नकारार्थी दिले. बुरूज एक होता. म्हणून मृत्यू एकत्र आले.

दोषाचा प्रश्न सुटला तरी मदतीचा उरतो. पाच घरांनी मिळून अडीनडीसाठी निधी जमवला. घरोघरची आजारपणे बहुधा स्वतंत्र असतात. एकाच्या अडचणीला चौघे धावतात. पाचही घरे एकाच वर्षी अडचणीत येण्याची संभाव्यता, प्रत्येकी १/५ धरून, ३,१२५ त एक. पण पाचांचे पीक एकाच पावसावर असेल, तर ती जवळजवळ १/५ होते. ज्या वर्षी निधी हवा, त्याच वर्षी तो रिकामा! कपाशीत तुरीच्या ओळी लावणारा शेतकरी हे तत्त्व जाणतो: दोन पिके सहसा एका कारणाने एकाच वेळी बुडत नाहीत. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत केंद्र आणि राज्य हप्त्याचा वाटा उचलतात, त्यामागेही हाच विचार आहे. भार दूरवर पसरावा लागतो.

अंत्युखियाच्या शिष्यांनी दुष्काळाच्या वेळी यहूदीयातील बंधूंना आपापल्या ऐपतीप्रमाणे मदत पाठवली, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नमूद आहे. मदत दूरच्यांनी पाठवली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. यहूदीयातला शेजारी कितीही दयाळू असला तरी त्याचीही कणगी रिकामीच असणार. ज्याचा पाऊस वेगळा, त्याच्याच कोठारात तेव्हा धान्य असते. म्हणून झरी जामणीत पाऊस रुसला, तर पहिली जबाबदारी ज्यांच्या घरावर तो रुसलेला नाही अशांची आहे. ‘शेजारी’ हा शब्द आपल्या धर्मग्रामाच्या वेशीपलीकडे का न्यायचा, याचे कारण दयेइतकेच या साध्या गणितातही आहे.