चिंगीचं पाणी

एका तालुक्याच्या गावात एक कुटुंब राहत होतं. घरात आजोबा होते, मुलगा-सून होती आणि चिंगी होती. चिंगी म्हणजे पांढरी पॉमेरियन कुत्री, नऊ वर्षांची. आजोबा सकाळी फिरायला निघाले की ती दोन पावलं पुढे चालायची. धुणंभांडी आणि लादी पुसायला एक मावशी दोन्ही वेळा यायच्या. चिंगी त्यांच्यावर कधी भुंकली नाही.

दिवाळीनंतर चिंगीने घरात लघवी करायला सुरुवात केली. आधी दाराशी, मग बैठकीच्या खोलीत, मग नव्या सतरंजीवर. नऊ वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. सून शाळेत शिकवायला जायची. संध्याकाळी थकून घरी आली की पर्स ठेवायच्या आधी तिला फडकं हातात घ्यावं लागायचं. एक दिवस मुलाने वर्तमानपत्राची गुंडाळी करून चिंगीला दोन फटके दिले. ती कोपऱ्यात जाऊन बसली. थोड्या वेळाने तिथेही ओलं झालं.

"पाणीच फार पिते मेली," सून म्हणाली. त्या रात्री चिंगीचं पाण्याचं भांडं उचलून फळीवर ठेवलं गेलं. आधी ते रात्रीपुरतं वर जाई. मग दिवसाही वरच राहू लागलं. सकाळी वाटीभर पाणी आणि संध्याकाळी वाटीभर, एवढंच ठरलं.

मुलगा तिला एकदा दवाखान्यात घेऊन गेला. "घाण करते, काहीतरी गोळ्या द्या," म्हणाला. डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासून घेऊ म्हटलं. मुलाला कामावर जायचं होतं. डॉक्टरांनी तूर्त गोळ्या दिल्या आणि तपासणी टाळू नका असं बजावलं. गोळ्या संपल्या. तपासणी राहिली.

त्याच सुमाराला घरात मुंग्या झाल्या.

"मावशी, लादी नीट पुसत जा हो," सून म्हणाली. "बघा किती मुंग्या झाल्यात!"

मावशींनी दुसऱ्या दिवशी फिनेल टाकून दोनदा लादी पुसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा मुंग्या होत्या. मावशी खाली बसून लादी पुसायच्या, म्हणून त्यांना एक गोष्ट दिसली होती. मुंग्यांची रांग स्वयंपाकघराकडे जात नव्हती. साखरेच्या डब्याकडेही जात नव्हती. जिथे चिंगीने लघवी केली असेल, तिथेच ती जात होती.

"वहिनी, त्या मुंग्या ना..." मावशींनी एकदा सुरुवात केली.

"कारणं नकोत मावशी. मी दिवसभर उभी असते, मला आता ऐकवत नाही."

मावशी गप्प झाल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

मोरीत त्या भांडी घासायला बसल्या की चिंगी हळूच यायची आणि गळक्या नळाखाली जीभ लावायची. एक दिवस मावशींनी तिच्यापुढे तांब्याभर पाणी ओतून ठेवलं. तिने मान वर न करता ते संपवलं. त्या दिवसापासून सकाळी एक तांब्या आणि संध्याकाळी एक तांब्या पाणी चिंगीला मोरीत मिळू लागलं. मावशींनी हे कुणाला सांगितलं नाही.

चिंगीची भूक चांगली होती, तरी ती वाळत चालली. आजोबांच्या हाताला तिच्या बरगड्या लागू लागल्या. फिरायला जाताना ती आता पुढे चालत नव्हती. एकदा ती दाराच्या चौकटीवर आपटली. म्हातारी झाली, असं सगळे म्हणाले. मग एका सकाळी तिने भाकरीला तोंड लावलं नाही आणि दोनदा उलटी केली. आजोबांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर घरी आले.

त्यांनी चिंगीची कातडी चिमटीत धरून सोडली. ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. बॅटरी लावून डोळे पाहिले. दोन्ही बाहुल्यांत पांढरट झाक होती.

"पाणी किती पिते?" त्यांनी विचारलं.

"सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर," सून म्हणाली. "त्यापेक्षा जास्त देतच नाही."

"आणि लघवी?"

"दिवसभर चालूच असते."

डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं पाणी अंगातून जातंय, तर तेवढं आत कुठून तरी येतंय. दोन वाट्यांवर ही इतके दिवस तगली नसती. हिला कुणीतरी पाणी पाजतंय."

कुणी काही बोललं नाही. मोरीच्या दारात मावशी पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"मी पाजते," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली असेल तर सांगा."

"किती पाजता मावशी?"

"सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. सगळं पिते."

डॉक्टरांनी मान हलवली. एवढ्याशा कुत्रीला दिवसाला अर्धा लिटरभर पाणी पुरतं. "अजून काही पाहिलंत का तुम्ही?"

मावशींनी सुनेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिच्या लघवीला मुंग्या लागतात."

डॉक्टरांनी आजोबांकडे रक्तातली साखर पाहायचं यंत्र मागितलं. आजोबांना मधुमेह होता, यंत्र कपाटातच होतं. चिंगीच्या कानाच्या कडेला बारीक टोचून त्यांनी रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला 438. निरोगी कुत्र्याचा तो 120 च्या आत असतो. साखर साधारण दोनशेच्या आसपास गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत. ती लघवीत उतरते आणि उतरताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून तहान लागते. चिंगी पाणी जास्त पीत होती म्हणून लघवी होत होती, असं नव्हतं. लघवीतून पाणी जात होतं म्हणून ती पीत होती.

"पाणी पूर्ण बंद झालं असतं," डॉक्टर म्हणाले, "तर मी आज इथे येऊन उपयोग नव्हता."

चिंगीला दवाखान्यात ठेवून सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. ती उठून खायला लागल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून पुढचं सांगितलं. रोज दोन इंजेक्शनं, बारा तासांच्या अंतराने, खाणं झाल्यावर. खाल्लं नाही तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, आधी फोन करायचा. औषधाची बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांत हलकेच फिरवायची. कुत्री झोकांड्या देऊ लागली तर हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. चिंगीची नसबंदी झालेली नव्हती. माजानंतर कुत्रीच्या अंगात जे संप्रेरक वाढतं, ते इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. म्हणून जरा सावरली की तिची अंडाशयं आणि गर्भपिशवी काढायची, हेही ठरलं.

आजोबा बाटलीकडे पाहत होते. "माझं औषध हिला चालतं?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, ते तिच्याच जातीकडून आपल्याकडे आलंय," डॉक्टर म्हणाले. "1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ते शोधलं. कितीतरी कुत्री त्यात गेली. 1922 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी अशी मुलं वाचत नसत."

आजोबांनी चिंगीच्या डोक्यावर हात ठेवला.

सकाळचं इंजेक्शन मावशी देऊ लागल्या. सुनेने त्यांना सिरिंजवरच्या रेघा वाचायला शिकवलं. संध्याकाळचं ती स्वतः द्यायची. पाण्याचं भांडं फळीवरून खाली आलं. दर रविवारी आजोबा लिटरच्या मापाने मोजून पाणी भरत आणि ती दिवसभरात किती प्यायली ते कॅलेंडरवर लिहीत. काही आठवड्यांत आकडा निम्म्यावर आला. सतरंजी कोरडी राहू लागली. मुंग्या गेल्या.

डोळे मात्र परत आले नाहीत. वाढलेल्या साखरेने कुत्र्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू फार लवकर उतरतो आणि एकदा उतरला की साखर आटोक्यात आली तरी तो जात नाही. आजोबांनी घरातलं सामान हलवायचं बंद केलं. चिंगी भिंतीच्या कडेने चालायला शिकली.

त्या घरात सगळ्यांचं चिंगीवर प्रेम होतं. मधुमेहाचं यंत्रही कपाटात होतं. चिंगी आपलं दुखणं रोज लादीवर मांडत होती, तिला फटके मिळाले. मावशींना ते दुखणं दिसलं होतं, त्यांना बोल लागले. ज्याच्यावर आवाज चढतो तो सांगायचं सोडून देतो, आणि तेवढे दिवस आजार आत वाढत राहतो. चिंगीची नजर त्या दिवसांत गेली.

तुमच्या घरातलं कुत्रं किंवा मांजर एकाएकी जास्त पाणी पिऊ लागलं, सवय मोडून घरात लघवी करू लागलं, खाऊनही वाळू लागलं, तर त्याला रागावू नका आणि त्याचं पाणी तोडू नका. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा कुत्रीच्या गर्भपिशवीत झालेला पू, यातलं काहीही असू शकतं. दिवसभरात ते किती पाणी पितं ते मोजा. लादी कोण पुसतं, भांडं कोण भरतं, त्यांना शांतपणे विचारा. आणि तो आकडा घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.