धर्म बदलला, मन कसे बदलेल?





आपण त्रिसरण-पंचशील ग्रहण केले, 22 प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देव विसर्जित केले आणि भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. हे सारे एका दिवसात झाले. पण पुढे एखाद्या रात्री लेकराचा ताप उतरेनासा झाला, की आजीचा हात आपसूक अंगाऱ्याकडे जातो. कचेरीत कोणी सहज आडनाव विचारले, की आपल्या छातीत धस्स होते. वाटेत जुने देऊळ लागले, की हात अर्धवट वर उचलला जातो आणि मग आपले आपणच ओशाळतो. अशा वेळी मन विचारते : मी खरोखर बौद्ध झालो आहे काय? की माझी दीक्षा वरवरचीच?

हा प्रश्न अनेक घरांत आहे, पण लाजेपोटी तो कोणी बोलून दाखवत नाही. म्हणून आज त्याचाच विचार करू.

आपल्याला पिढ्यान् पिढ्या काय शिकविले गेले? माणसाच्या आत एक न बदलणारा आत्मा आहे, मागील जन्मीच्या कर्माप्रमाणे तो या किंवा त्या जातीत जन्म घेतो, आणि जे कपाळी लिहिले ते भोगूनच संपते. हे खरे असेल तर माणसाने बदलण्याची आशाच धरू नये! तथागतांनी हे नाकारले. इसिपतनात पाच भिक्खूंना त्यांनी समजावले की, शरीर किंवा मनातील भावना हा जर आपला आत्मा असता, तर तो आपल्या आज्ञेत राहिला असता. 'मला असे होवो, तसे न होवो' असे म्हणताच तसे घडले असते. पण तसे घडत नाही. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाचही स्कंध कारणांनी उत्पन्न होतात आणि कारणे संपली की मावळतात. ज्याला आपण 'मी' म्हणतो, तो या पाचांचा चालता प्रवाह आहे.

येथे 'संस्कार' या शब्दाने गोंधळू नका. मुंज-बारशाचे संस्कार ते हे नव्हेत. वारंवार केलेल्या, ऐकलेल्या, सोसलेल्या गोष्टींनी मनाला जे वळण पडते, ते येथे अभिप्रेत आहे. आडनाव विचारताच होणारी धडधड कोठून आली? ती आईच्या पोटातून आली नाही. पाणवठ्यावर दूर उभे राहिलेल्या आजोबांकडून, दबक्या आवाजात बोलणाऱ्या वडिलांकडून, वर्गात ऐकलेल्या टोमण्यातून ती घडत आली. जे घडविले गेले आहे, ते मोडून नव्याने घडविताही येते. अनात्मवाद ही पंडितांची कोरडी चर्चा नव्हे. आपल्यासाठी ती मुक्तीची ग्वाही आहे. 1957 साली प्रकाशित झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याची कल्पना नाकारली आणि आजच्या दैन्याचे खापर गतजन्मावर फोडण्यासही ठाम नकार दिला, तो याचसाठी.

यावर कोणी म्हणेल, "मन जर कारणांनी घडते आणि आत्माही नाही, तर जबाबदार कोण? मग जातिभेद करणाराही म्हणेल की माझे मनच तसे घडले आहे!" प्रश्न रास्त आहे. तथागतांनी कर्म म्हटले ते चेतनेला, म्हणजे जाणून केलेल्या संकल्पाला. इंद्रियांना विषयाचा स्पर्श झाला की वेदना उठते, वेदनेतून तृष्णा किंवा द्वेष उठतो, आणि त्यातून माणूस कृती करतो. वेदना जुन्या कारणांनी उठते, तो तुमचा गुन्हा नाही. पण तिच्यामागे आंधळेपणाने जायचे की थांबायचे, ही आजची गोष्ट आहे आणि ती तुमची आहे. भेदभाव करणाऱ्याचीही सबब येथेच संपते. घृणा त्याला वारशात मिळाली असेल, पण ती ओळखून आवरण्याचे काम त्याचेच आहे.

वेदना आणि तृष्णा यांच्यामधल्या या उंबरठ्यावर पहारा देणारी जी जागरूकता, तिलाच सम्यक स्मृती म्हणतात. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म यांचे निरीक्षण सांगितले आहे. द्वेषयुक्त चित्त असेल तर ते द्वेषयुक्त आहे असे जाणावे, द्वेषरहित असेल तर तसे जाणावे. आता आडनावाचा प्रसंग घ्या. धडधड सुरू झाली की मनात नोंद करा : 'ही भीती आहे. ती उठली आहे, ती जाईल. मी म्हणजे ही भीती नव्हे.' आणि मग मान वर करून सरळ उत्तर द्या. पहिल्या वेळी आवाज कापेल, दहाव्या वेळी कमी कापेल.

मात्र स्मृती म्हणजे डोळे मिटून जगाकडे पाठ फिरविणे नव्हे. अष्टांगिक मार्गात ती सम्यक वाणी, सम्यक कर्म आणि सम्यक व्यायाम यांच्या सोबतीने येते. मन ज्या परिस्थितीने घडते, ती परिस्थितीही बदलावी लागते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या आपल्या पूर्वजांनी तळ्यावरचा हक्क बजावला, आणि त्याच ओंजळीने शतकांची भीतीही सैल केली.

विनयपिटकातील एक प्रसंग आठवा. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल व देवदत्त हे तरुण प्रव्रज्या घेण्यास निघाले, सोबत उपाली नावाचा न्हावी होता. त्यांनी तथागतांना विनविले की, आम्ही शाक्य अभिमानी आहोत. उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान उतरेल. दीक्षा घेतली की गर्व आपोआप जाईल, असे त्यांनी मानले नाही. तो मोडण्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच करून घेतली. आणि हेही ध्यानात ठेवा, की देवदत्तही त्यांत होता. पुढे त्यानेच संघात फूट पाडली. एकदा वाकल्याने काम संपत नाही.

म्हणून आपण स्वतःला विचारू या. मुलीचे स्थळ पाहताना आपण अजून पोटजात विचारतो काय? दुसऱ्या जातीतून धम्मात आलेले कुटुंब विहारात आले, तर त्याला मागे बसवतो काय? 'आम्ही जुने, हे नवे' असा भाव उठतो काय? भीती जशी घडविलेली, तसाच हा ताठाही घडविलेला आहे. तो दुसऱ्यात चटकन दिसतो, स्वतःत उशिरा दिसतो.

आणि त्या आजीचे काय? तिच्या हातून अंगारा हिसकावून तिच्यावर ओरडू नका. ओरडण्याने तिच्या भीतीत अपमानाची भर पडते. तिच्याजवळ बसा. म्हणा, "आजी, भीती वाटते ना? मलाही वाटते. चल, दोघं मिळून पोराला दवाखान्यात नेऊ." बाळाचा ताप डॉक्टरांच्या औषधाने उतरलेला ती पाहील, तेव्हा तिच्याही मनात नवे वळण पडू लागेल.

येवल्याची घोषणा 1935 ची आणि नागपूरची दीक्षा 1956 ची. बाबासाहेबांसारख्या महापुरुषाने या पावलासाठी 21 वर्षे विचार केला. आपले मन एका रात्रीत बदलले नाही म्हणून खचू नका, आणि बदलायचे राहिले तरी चालेल असेही मानू नका. आज रात्री वंदना झाल्यावर घरातील सर्वांनी पाच मिनिटे शांत बसा. दिवसभरात भीती कोठे उठली, ताठा कोठे उठला आणि आपण त्यावर काय केले, एवढेच पाहा. उद्या पुन्हा पाहा.