बाटलीतला शनिवार

ड्रग्ज तपासणाऱ्या पट्टीची भाषा उलटी असते. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दुसरी रेघ उमटली की ‘आहे’. इथे रेघ उमटली की ‘नाही’. रेघ आलीच नाही, तर तो पदार्थ लघवीत ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे. रेघ फिकट असली तरी निकाल निगेटिव्हच. असं किट आज कुणीही ऑनलाइन मागवू शकतं. पोराच्या बाथरूमबाहेर पट्टी हातात धरून उभा असलेला बाप बारीक अक्षरातली सूचना वाचेल का, याची मला धास्ती वाटते. पण समजा, त्याने ती नीट वाचली. तरी पट्टीने त्याला नेमकं काय सांगितलं?

आमच्या क्षेत्रात हा प्रश्न थेट पगाराला भिडतो. काही अमेरिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर जायचं तर पदवीच्या आणि पत्त्याच्या पडताळणीबरोबर ‘टेन पॅनल’ लघवी चाचणीही द्यावी लागते. रेगन यांनी १९८६ मध्ये तिथल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी नशामुक्त कार्यालयाचा आदेश काढला. पुढे खासगी कंपन्यांमध्येही ही चाचणी रुजली, आणि करारातल्या एका कलमावर बसून ती हिंजवडीपर्यंत आली. कंपनीला म्हणे एवढंच हवं असतं, की माणूस कामावर शुद्धीत असावा. रास्त आहे. फक्त ही चाचणी ते मोजत नाही.

गांजात नशा आणतं ते टीएचसी. लघवीत शोधला जातो तो शरीराने त्याचं रूपांतर करून उरलेला, नशा न आणणारा अवशेष. टीएचसी चरबीत साठतं, त्यामुळे रोज ओढणाऱ्याने सोडून दिल्यावरही तो अवशेष काही आठवडे निघत राहू शकतो. कोकेनचा माग साधारण दोन-चार दिवसांत पुसला जातो. दारू तर तासांत उतरते, आणि ठरावीक पॅनलमध्ये बहुतेकदा ती नसतेच. तिच्यासाठी इथाइल ग्लुकुरोनाइड हा वेगळा अवशेष तपासावा लागतो, तो फार तर दोन-तीन दिवस सापडतो. आता हिशेब लावा. रविवारी रात्रभर पिऊन सोमवारी ठणकत्या डोक्याने प्रॉडक्शनवर कोड ढकलणारा सुटतो. रोजचा गांजा पंधरा दिवसांपूर्वी निर्धाराने सोडलेला मात्र अडकू शकतो.

पट्टीला कायदाही कळत नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून वाराणसीत परवान्याच्या दुकानात भांग मिळते. महाशिवरात्रीला तिथे प्यायलेली थंडाई चाचणीत गांजासारखीच दिसते. खसखशीचीही तीच गत. अमेरिकेने १९९८ मध्ये सरकारी चाचण्यांसाठी अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली, त्यामागे खसखस खाऊन पॉझिटिव्ह येणारी माणसं हे एक कारण होतं. आपण अनारशाला लावतो तीच खसखस. आईला हे सांगितलं तर ती लॅबवाल्यांनाच वेड्यात काढेल.

मला याहून बोचतं ते पॅनलमधलं बेन्झोडायझेपिन. झोप उडाली, छातीत धडधड होते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाने लिहून दिलेली अल्प्राझोलम याच गटातली. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला स्वतःला वाचवण्यासाठी प्रिस्क्रिप्शन दाखवावं लागतं. म्हणजे जे त्याने घरीही सांगितलं नसेल, ते ऑफिसात उघडं पडण्याची वेळ येते. अमेरिकेच्या सरकारी नियमांत निकाल आधी एका डॉक्टरकडे जातो. तो माणसाशी बोलतो, औषधाचं कारण पटलं तर मालकाला ‘निगेटिव्ह’ कळवतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा रिपोर्ट थेट एचआरच्या मेलवर गेला होता.

विमानात बसल्यावर मला वैमानिकाच्या खासगीपणाची फार चिंता नसते, हे खरं. त्याने उड्डाणाआधी नळीत फुंकावं, असंच मला वाटतं. पण ती नळी निदान ‘आत्ता’बद्दल बोलते, आणि तिच्या उत्तरावर माझ्यासह दीडशे जणांचा जीव असतो. माझ्या कोडमधल्या चुकीने एखाद्याचं कुपन चालत नाही. तेवढ्यासाठी कुणाला माझ्या सुट्टीचा हिशेब मागायचा हक्क मिळतो का? मला तरी वाटत नाही. ‘लपवण्यासारखं नसेल तर घाबरता कशाला’ हे वाक्य म्हणणाऱ्याने आधी आपला फोन अनलॉक करून टेबलावर ठेवावा.

तरीही ही पट्टी फेकून द्या, असं म्हणवत नाही. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याचा शब्द घरात कुणी धरत नाही. उशीर झाला की तोंडाचा वास घेतला जातो, खिसे तपासले जातात. अशा माणसाने स्वतःहून बाटली पुढे केली, तर तीच रेघ त्याची साक्षीदार होते. उपचारात ‘कंटिन्जन्सी मॅनेजमेंट’ नावाची पद्धत आहे: प्रत्येक निगेटिव्ह चाचणीला छोटं बक्षीस. उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनात ती चांगली उपयोगी पडते. पट्टी तीच. पण इथे पॉझिटिव्ह आलं तर त्या दिवशीचं बक्षीस हुकतं आणि उपचार चालू राहतात. ऑफिसात पॉझिटिव्ह आलं तर ऑफर लेटर जातं.

आणि बापाचं काय? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पोरांची इच्छेविरुद्ध चाचणी करायला विरोध करते. मला त्यांचं पटतं. पट्टीवरून बापाला फार तर गेल्या काही दिवसांत काय घेतलं ते कळेल. कुणाबरोबर, कशासाठी, आणि आता भीती वाटते का, हे पोरगंच सांगू शकतं. त्याच्या हातात बाटली देऊन दार लावून घेतल्यावर ते सांगेल, असं मला वाटत नाही.