धर्माचा व्यापार



हजाराहून अधिक पायऱ्या चढून जीवदानी मातेच्या दर्शनास येणाऱ्या पुष्कळांच्या मनात एक प्रश्न असतो, पण तो सहसा ओठांवर येत नाही. आम्ही कोणाचे वाईट चिंतिले नाही, कुळाचार चुकविला नाही, बोललेले नवस फेडले, मग हे दुःख आमच्याच वाट्यास का यावे? आणि ज्याने चारचौघांस नागविले त्याची भरभराट का व्हावी? देवाच्या दारी असा विचार आणणे पाप होय, अशा समजुतीने कित्येकजण तो गिळून टाकतात. वास्तविक हाच प्रश्न आपल्या महाभारतात मोकळेपणाने विचारला गेला आहे, आणि तोही साक्षात द्रौपदीने.

ज्या वनपर्वात हा प्रसंग आहे त्याच पर्वात लोमश ऋषींसमवेत तीर्थाटन करीत असता पांडव शूर्पारक तीर्थी आल्याचा उल्लेख आढळतो. शूर्पारक म्हणजेच आपले सोपारे. जीवदानीच्या डोंगरातील लेणी पांडवांनी कोरली, ही या भागातील लोकपरंपराही त्यांच्या वनवासाशीच जोडलेली आहे. या यात्रेच्या पूर्वी पांडव द्वैतवनात राहत होते, तेव्हाची ही गोष्ट होय.

राजसूय यज्ञ करणारा, अतिथीस विन्मुख न पाठविणारा राजा भूमीवर निजतो आणि कपटाने द्यूत जिंकणारा दुर्योधन हस्तिनापुरी ऐश्वर्य भोगतो, हे पाहून द्रौपदीचे अंतःकरण जळत होते. ती युधिष्ठिरास विचारते, की जो धर्म राखतो त्यास धर्म राखतो असे थोरामोठ्यांकडून ऐकत आले, मग तुमच्या बाबतीत ते खरे का ठरत नाही? कळसूत्री बाहुल्या नाचवाव्यात तसा विधाता प्राणिमात्रास नाचवितो. तर मग घडलेल्या पापाचा लेप त्या विधात्यास का लागू नये? आणि बलवंतास पाप लागतच नसेल, तर जगात बळ तेवढे खरे, दुर्बळांनी कोणाकडे पाहावे?

धर्मराज तिच्या बोलण्यास नास्तिक्य म्हणतो. हे बोलणे काहीसे कठोर वाटते, आणि द्रौपदीच्या प्रश्नाचे पुरे उत्तर त्यात आहे असे आम्हांस वाटत नाही. व्यासांनीही तसा आव आणलेला नाही. पुढे भीमसेनही आपल्या ज्येष्ठ बंधूस विरोधच करतो. परंतु युधिष्ठिराच्या उत्तरात एक विचार असा आहे की तो यात्रेकरूने आवर्जून ध्यानी घ्यावा. तो म्हणतो, मी फळाकडे दृष्टी ठेवून वागत नाही. द्यावयास हवे म्हणून देतो, यजन करावयास हवे म्हणून करतो. जो धर्माची गायीप्रमाणे धार काढू पाहतो त्यास त्याने धर्माचा वाणी म्हटले आहे.

आता कोणी विचारील, की सत्कर्माचे फळ मिळते हे तरी कशावरून जाणावे? हा प्रश्नही रास्तच होय. प्रत्यक्ष दिसते तेवढेच मानावे असे चार्वाक म्हणत. मीमांसकांनी कर्म व फळ यांमधील अंतर जोडण्यासाठी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती मानली. नैयायिक आणि इतर दर्शनकार यांवर शतकानुशतके वाद करीत आले. संशय घेणाऱ्यास आपल्या परंपरेने दाराबाहेर उभे केले नाही, एवढे यावरून दिसते.

याच संशयाचा एक शिळालेख आपल्या सोपाऱ्यातही होता. सम्राट अशोकाच्या आठव्या आदेशाचा तुकडा येथे १८८२ साली सापडला, तर नवव्याचा १९५६ साली भुईगाव येथे. आठव्यात मृगयेच्या विहारयात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्याचे वर्णन आहे. नववा आदेश मंगलकर्मांविषयी आहे. आजारपण, लग्नकार्य, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ अल्प, असे राजा सांगतो. (त्यात स्त्रियांच्या विधींवर जो शेरा आहे तो आज कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नये.) दास व सेवक यांच्याशी नीट वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांस दान हे खरे मंगल, असे त्याचे म्हणणे. कालसी, मानसेहरा येथील प्रतींत तर तो स्पष्टच म्हणतो, की इतर विधींचे फळ संशयास्पद. मिळेल अथवा मिळणारही नाही. तथापि अशोकही धर्ममंगलाचे फळ परलोकी देऊ करतोच. युधिष्ठिर त्याच्याही एक पाऊल पुढे जातो, असे आम्हांस वाटते.

मग नवस बोलूच नये काय? तसे नव्हे. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरी देवीस नवस बोलला, १७३९ च्या मे महिन्यात किल्ला हाती आला आणि पुढे देवीचे मंदिर उभे राहिले, ही कथा येथे सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्याच वेढ्यात मराठ्यांचे हजारो वीर पडले. त्यांच्या घरीही माता-भगिनींनी कुलदैवतापुढे पदर पसरला असेलच. त्यांची भक्ती उणी पडली असे म्हणण्याचे धाडस कोण करील? ज्याच्या घरी संकट येते त्याच्या श्रद्धेतच काही खोट असावी, असे आपण सहज बोलून जातो. दुःखितास दुःखापेक्षा हा बोल अधिक लागतो, आणि तो बोलणारा धर्माच्या वाण्याचाच हिशेब मांडीत असतो.

वनवासाच्या अखेरीस युधिष्ठिराची परीक्षा झाली. सरोवराकाठी चारही बंधू निष्प्राण पडले होते आणि यक्षाने त्यांपैकी एकासच जीवदान देण्याचे कबूल केले. पुढे युद्ध अटळ होते; भीम अथवा अर्जुन यांवाचून राज्य परत मिळणे नव्हते. युधिष्ठिराने नकुलास मागितले. यक्षाने कारण पुसले, तेव्हा तो म्हणाला, की कुंतीचा एक पुत्र मी जिवंत आहे, तसा माद्रीचाही एक असावा. माद्री तर पूर्वीच पंडूसमवेत चितेवर गेली होती. जाब विचारावयास कोणी नव्हते. यक्षाने संतुष्ट होऊन चौघांसही उठविले, हे आपण जाणताच. नकुलाचे नाव घेताना मात्र युधिष्ठिरास ते ठाऊक नव्हते.